परवडणारं गाव

घर बघायला आलेल्या रॉस्कोने स्वयंपाकघरातला नळ सोडला. पाण्याची जाड धार पडली. घरमालकीण वर्ना टिबेट ओट्याशी उभी राहून धारेकडे बघत होती.

"दाब चांगला आहे," तो म्हणाला आणि त्याने नळ बंद केला.

वर्नाने खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. एलवूडने मान किंचित हलवली. बोलू नकोस, असा त्याचा अर्थ. ऑक्टोबरात अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्याच्या तोंडून शब्द मोठ्या मुश्किलीने फुटत. तरी सकाळी बराच वेळ झगडून त्याने एक वाक्य पुरं केलं होतं. या वेळी पाण्याचं काही सांगायचं नाही.

याआधी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. दोघांनाही वर्नाने खरं ते सांगितलं होतं. रस्त्यापलीकडे पिस्त्यांचा मोठा मळा झाला, मळेवाल्याने हजार फूट खोल बोअर मारली, आणि तीन वर्षांत या बाजूच्या सगळ्या बोअर एकामागून एक आटल्या. दोन्ही गिऱ्हाइकांनी टोपी डोक्यावर ठेवली, सरबताबद्दल आभार मानले आणि गाडी वळवली. पुन्हा फोनसुद्धा आला नाही.

अकरा वर्षांपूर्वी हे गाव एलवूडनेच शोधून काढलं होतं. ॲरिझोनाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून तो आठवडाभर एकेका गावावर काट मारत बसला होता. हे महाग, ते लांब, तिथे श्रीमंतांचं गोल्फचं मैदान. शेवटी मेस्कीट वेल्सवर बोट ठेवून म्हणाला होता, आपल्या पेन्शनीत बसणारं वाळवंट सापडलं बघ. आणि खरंच, सात-आठ हिवाळे सुखाचे गेले होते. गुडघे दुखायचे थांबले होते. आता सगळ्यात जवळचा मोठा दवाखाना नव्वद मैलांवर होता, आणि एलवूडला गाडीत बसवायचं तरी शेजाऱ्याला हाक मारावी लागे. नेब्रास्कात मुलीने तळमजल्यावरची खोली रिकामी करून ठेवली होती. पण हे घर विकल्याशिवाय इथून हलता येत नव्हतं.

रॉस्को प्रुइट चाळीस वर्षं प्लंबर होता, हे त्याने दारातच सांगितलं होतं. याला पाण्याचं कळणारच, असं वर्नाला तेव्हाच वाटलं होतं. पण त्याने नळ पाहिला, न्हाणीघर पाहिलं, मागच्या अंगणात चक्कर मारली, आणि बोअरबद्दल काहीच विचारलं नाही. एलवूडच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी थोडी धुगधुगी आली.

रॉस्कोची बायको ग्लेंडा मात्र बोलकी होती. दोन वाक्यांमध्ये थांबून दम घ्यावा लागे, तेवढंच. ऑरेगनच्या किनाऱ्यावर तिचा जन्म गेला. तिथल्या ओल्या हवेने छातीचं वाटोळं केलं, असं ती हसत म्हणाली. कोरड्या हवेत जा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिकडचं भाड्याचं घरही जूनअखेर सोडायचं होतं. तीन आठवडे दोघं गाडीतच झोपत होती, आणि हे सहावं गाव होतं. पहिल्या गावात त्यांच्या पैशात फक्त व्हरांडा आला असता, असं सांगून ती स्वतःच हसली. मग खोकली.

मागच्या खिडकीशी उभी राहून ती अंगण न्याहाळू लागली. हा कोपरा छान आहे, म्हणाली. दुपारनंतर सावली असेल इथे. कुंपणाकडे बोट दाखवत नवऱ्याला म्हणाली, "तिथे मी टोमॅटो लावीन."

अकरा वर्षांपूर्वी वर्नाने त्याच कोपऱ्यात मिरच्या लावल्या होत्या. तिला नवऱ्याकडे बघायचं नव्हतं. तिने बघितलंही नाही.

"टोमॅटो येणार नाहीत," ती म्हणाली.

"ऊन फार लागतं का?"

"पाणी नाही. बोअर तीन वर्षांपूर्वी आटली. नळाला येतंय ते टँकरचं. घराआड टाकी आहे, तिच्यातून येतं."

एलवूडने धडधाकट हाताने खुर्चीचा दांडा एकदा आपटला. मग तो हात मांडीवर ठेवून त्याने डोळे मिटले. ही दोघं आता टोप्या उचलतील आणि आपण त्यांना दारापर्यंत पोचवायला जाऊ, असं वर्नाला वाटलं. मुलीला फोनवर काय सांगायचं, तेही ती मनात जुळवू लागली.

रॉस्को जागचा हलला नाही.

"मला नळ सोडल्याबरोबर कळलं," तो म्हणाला. "बोअरचा पंप जमिनीच्या पोटात असतो, त्याचा आवाज येत नाही. हा ऐकू येतोय, म्हणजे टाकीतून ओढतोय. आणि इथे येताना पाहिलंच आम्ही, प्रत्येक घरामागे एकेक पांढरी टाकी."

वर्ना त्याच्याकडे बघतच राहिली. "मग बोलला का नाहीत?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ग्लेंडा खुर्ची ओढून बसली होती. तिने श्वास जमेपर्यंत एक हात वर धरला.

"बोलून काय करायचं," ती म्हणाली. "जिथे बोअरला पाणी आहे, ती गावं आम्हाला परवडत नाहीत."

तिने पर्समधून पेन्सिल आणि एक जुनं पाकीट काढलं, पाकिटाची कोरी बाजू वर केली, आणि विचारलं, "टँकर कोणत्या वारी येतो?"

ओठ वाकडे करत, एकेक अक्षर ओढून काढत, एलवूडनेच उत्तर दिलं.

"मंगळवारी."