न धुतलेला गाऊन

बाळंतपणाची रजा संपली. शाळेत मधल्या सुट्टीत नकाशांच्या खोलीला आतून कडी लावून मी पंपाने दूध काढायचे, आणि बाळाला सांभाळणाऱ्या मावशी दुसऱ्या दिवशी तेच बाटलीने पाजायच्या. पण पोरगी बाटलीला तोंड लावेल तर शपथ! शेवटी मी माझा अंगावरचा गाऊन काढून मावशींना दिला.

"हा कपड्यांवरून घाला आणि मग घ्या तिला मांडीवर. आणि धुऊ नका हं, माझा वास जाईल."

"नुसता आंबूस वास येतोय याला," मावशींनी नाक मुरडलं, पण घातला. मात्रा बरोबर लागू पडली. त्या दिवशी बाटली रिकामी झाली.

महिना गेला. आता मी घरी येते तेव्हा छाती दगडासारखी झालेली असते. मी पोरीला जवळ घेते आणि ती पाठ ताणून, लालबुंद होऊन रडते. मावशींनी घेतलं की गप्प.

"दमून येता ना तुम्ही, कळतं हो पोरांना," मावशी समजूत घालतात.

आजही तेच झालं. पोरगी रडून झोपली. निघताना मावशींनी गाऊन उतरवला.

"महिनाभर रोज घालतेय मी. आता माझ्याच घामाचा वास मारतोय. धुवायला टाकते."

मी तो त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच.

"धुऊ नका, मावशी. उठली की पाजायचंय मला तिला."