दातांनी ओढलेली गाठ

"या आजारी नाहीत," चांगुणा काचेवर बोट टेकवून म्हणाली.

प्रीताने घाईघाईने आईचा हात मागे ओढला. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या स्कॉटिश मंडळाचं प्रदर्शन तासाभरात उघडायचं होतं आणि स्कॉटलंडमधल्या जुन्या फोटोंखाली पाट्या लावायचं काम तिच्याकडे होतं. या फोटोत तीन मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. सगळ्यांच्या बोटांना पट्ट्या. फोटोच्या मागे फक्त साल होतं, १९०८. पाटीवर छापलं होतं, 'रुग्णालयातील मुली. नावे अज्ञात.'

"आई, प्लीज. त्यांनी रिसर्च केलाय."

"डोंबलाचा रिसर्च! आजारी माणूस असं छाती काढून उभं राहतं होय? मासे साफ करणाऱ्या पोरी आहेत या. सुरी निसटली तर बोट जाऊ नये म्हणून चिंध्या बांधल्यात."

आवाज ऐकून मंडळाचे अध्यक्ष डंकन आले. प्रीताने कसंबसं सांगितलं. ते हसले.

"पण तुझ्या आईला हे कसं ठाऊक? त्यांचा तर सीफूड एक्स्पोर्टचा बिझनेस होता ना?"

प्रीताचे कान तापले. बारा वर्षं ती सगळ्यांना हेच सांगत आली होती. चांगुणाला इंग्रजी येत नव्हतं, पण 'एक्स्पोर्ट' तेवढं कळलं. तिने लेकीकडे एकदा पाहिलं, बस. मग रुमालाची कड टर्रकन फाडली, अंगठ्याला गुंडाळली, एक टोक दातांत धरून खेचलं. गाठ तिरकी बसली. तो अंगठा तिने काचेला लावला. फोटोतल्या मधल्या मुलीच्या अंगठ्यावर तश्शीच तिरकी गाठ होती.

"नर्सने बांधली असती तर सरळ बसली असती. ही जिची तिने बांधलीय, दातांनी ओढून. सांग त्यांना."

प्रीताला लाज वाटली. स्वतःचीच.

"एक्स्पोर्ट वगैरे काही नव्हतं," ती डंकनना म्हणाली. "माझी आई पंचवीस वर्षं मुंबईच्या ससून डॉकवर कोळंबी सोलायची. अशाच चिंध्या बांधून. त्यावर मी इंजिनिअर झाले."

डंकन चपापले. "बरं, पण कागदोपत्री पुरावा लागेल. आज ही पाटी राहू दे, नंतर बघू."

"शंभर वर्षं बघितलंत तेवढं पुरे. पुरावा तुमच्यासमोर उभा आहे."

तिने पाटी उचकटली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ठळक लिहिलं. मग आईला मराठीत वाचून दाखवलं, "मासे साफ करणाऱ्या मुली. कामावर."

"आणि नावं?"

"ती कुणालाच माहीत नाहीत, आई."

चांगुणाने अंगठ्याची चिंधी सोडली नाही. पदर खोचून ती त्या फोटोच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली.

"मग माझा फोटो काढ," ती म्हणाली. "खाली नाव लिही. कामसुद्धा लिही. एक्स्पोर्ट नको."