दाराला लावलेला खडा

जनावरांच्या डॉक्टरांच्या घराचं दार. एरवी आपटून डोकं उठवायचं, आठवडाभर गप्प आहे.

चार किलोमीटरवर एक घोडी. मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघते आहे.

सासरे. तीस वर्षं दगडी फरश्या घासून, पॉलिश करून निवृत्त झालेले. मुक्कामाला आलेत, चहाचा दुसरा कप संपला तरी हलत नाहीत.

आणि फोन.

फोनवर घोडी सांभाळणारा मोतद्दार होता. शिंगरू असल्यापासून त्यानेच तिला वाढवलेली. घोडी परत पाय आपटते, लोळायला बघते, चाऱ्याला तोंड लावत नाही, असं त्याने सांगितलं. डॉक्टरांनी त्याला उडवून लावलं. आठ दिवसांपूर्वी तिच्या आतड्यातून खरबुजाएवढा खडा काढलाय, आता आत वायूशिवाय काही नाही. फिरव तिला.

फोन ठेवून त्यांनी दाराकडे कौतुकाने पाहिलं. हाच तो खडा. कधीतरी गिळलेल्या खिळ्यावर वर्षानुवर्षं पुटं चढून झालेला. मिरवायला घरी आणला, तर बायकोने दाराला लावला. सपाट बाजूवर असा ठाण मांडून बसायचा की हलायचं नाव नाही.

सासरे वाकले. सपाट बाजूवरून अंगठा फिरवला. हे कुणी घासलं, म्हणून विचारलं.

डॉक्टर हसले. घोडीच्या पोटात कोण कारागीर बसलाय? असाच निघाला.

"जावईबापू, दगड एकट्याने सपाट होत नाही," सासरे म्हणाले. "घासायला समोर दुसरा लागतो."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. हे त्यांच्या पुस्तकातही होतं, परीक्षेत त्यांनी ते लिहिलंही होतं. पण त्या दिवशी खडा बघून ते असे हरखले, की आत पुन्हा हात घालायचं सोडून त्यांनी आधी फोटो काढून घेतला होता.

पाचव्या मिनिटाला गाडी निघाली. सासरे न बोलावता पुढच्या सीटवर.

दुपारी दवाखान्यात घोडीचं पोट पुन्हा उघडलं, दुसरा खडा बाहेर आला. मदतनिसाने टाक्यांचा दोरा पुढे केला. काचेपलीकडे मोतद्दाराने हात जोडले. डॉक्टरांनी खडा उलटसुलट करून पाहिला, दोरा परत ठेवायला लावला आणि हात कोपरापर्यंत पुन्हा आत घातला. शस्त्रक्रिया आणखी दीड तास चालली.

पंधरा दिवसांनी घोडी मोतद्दाराच्या खिशात तोंड खुपसून खाऊ शोधू लागली.

दुसऱ्या खड्याच्या दोन बाजू सपाट होत्या.