राखणदाराची उदबत्ती

थायलंडमधल्या चोनबुरीच्या नव्या डेटा सेंटरमध्ये धुराचा भोंगा वाजला आणि इंजिनिअर ओराथाईनं धावत जाऊन भिंतीवरचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं. अंगठा निसटला की आग विझवणारा वायू खोलीभर सुटणार, ती आणि मुकादम दोघंही आत गुदमरणार आणि उद्याचं उद्घाटन बोंबलणार. आग मात्र कुठंच नव्हती. पहिलं यंत्र सुरू होण्याआधी मुकादम प्रासितकाकांनी खोलीतच जागेच्या राखणदाराला उदबत्ती लावली होती. “विझवा ती, काका.” “राखणदाराची उदबत्ती अर्ध्यावर विझवत नसतात, पोरी. मग इमारत कोण राखणार, तुझं बटण?” “मग बाहेर तरी न्या. अंगठा बधिर झालाय.” काका उदबत्तीला तळव्याचा आडोसा करून, विझू नये म्हणून वरातीच्या चालीनं निघाले. ओराथाईच्या जिभेवर शिवी आली. पण उदबत्ती समोरून गेली तेव्हा तिची मान आपोआप झुकली, आणि मोकळा हात एकटाच नमस्काराला छातीशी आला.