किनाऱ्याची राखण

सौदीच्या सीमेवरच्या खफजी गावावर इराकी तोफगोळे पडायला लागले, त्या सकाळी कंपनीची शेवटची बस निघाली होती. पुण्याचे इंद्रनीलसाहेब हातात यादी घेऊन दारात उभे होते.

"उस्मानभाई, यल्ला! चढा लवकर. जेद्दाहून विमान आहे, आठवड्यात तुम्ही रत्नागिरीत."

"मी येत नाही."

"वेड लागलंय का? मरायचंय इथे?"

मी बायकोचं पत्र त्यांच्या हातात कोंबलं. "वाचा. मोठ्याने वाचा."

साहेब वाचू लागले. "आपल्या किनाऱ्यावर रिसॉर्ट झालंय. होड्या ओढून ठेवायचो तिथे आता छत्र्या नि खुर्च्या आहेत. वास येतो म्हणून मासळीही सुकत घालू देत नाहीत. अब्बा तरी रोज सकाळी होडीच्या जागेवर जातात, रोज त्यांना हाकलतात. लढाई पेटायच्या आत तुम्ही सुखरूप या. मॅनेजर तुम्हाला राखणदार म्हणून घ्यायला तयार आहे. काम सोपं आहे. गावातल्या कुणाला वाळूवर येऊ द्यायचं नाही."

साहेबांनी पत्र घडी करून परत दिलं. "अहो, पण घरच्या घरी नोकरी मिळतेय ना?"

कुठेतरी जवळच गोळा फुटला. बसच्या काचा थरथरल्या. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना.

मी खिशातला इकामा, परदेशी कामगाराचा राहण्याचा परवाना, काढून त्यांच्या नाकासमोर धरला.

"तू इथला नाहीस, हे या देशाने मला पहिल्याच दिवशी शिक्का मारून सांगितलं, साहेब. तेच आता मी गणवेश घालून माझ्या अब्बांना सांगू?"