रिकामा चौकोन

धरणाच्या वेबसाइटवर लाल त्रिकोण दिसला की पाणी सुटणार, नदीत उतरायचं नाही, हे गावोगाव ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात ती साइट सांभाळणाऱ्या हर्षदाने त्या त्रिकोणाचं जुनं चित्र काढून आयकॉन फॉन्ट, म्हणजे अक्षरांसारखी चिन्हं उमटवणारा फॉन्ट, बसवला. "हलका असतो," ती म्हणाली.

"आणि कमजोर नेटवर फॉन्ट उतरलाच नाही तर?" सहकाऱ्याने विचारलं.

"फार तर रिकामा चौकोन दिसेल."

आज तिच्या स्क्रीनवर त्रिकोण लालभडक झळकत असतानाच गावाहून मावशीचा फोन आला.

"साइट बघूनच निघालो गं. आज नुसता रिकामा चौकोन आहे. नवरात्राआधी धुवायच्या गोधड्या घेऊन सगळ्याजणी पात्रात उतरलोय."

"मावशी, सगळ्यांना घेऊन आधी काठावर ये!"

"काय म्हणतेस? ऐकूच येत नाही," मावशी म्हणाली. "वरच्या अंगाने कसला तरी मोठा आवाज येतोय."