बटण सोडा, नेते

सभागृहात माइक हाती आला की आमदारसाहेब सोडत नसत. सभापती घंटा बडवून दमायचे. युद्ध पेटल्यावर भाषणाच्या भरात “मीही लढेन” असं बोलून बसले आणि शिपाई झाले. वायरलेस देताना सुभेदारांनी बजावलं होतं, “नेते, बटण दाबून ठेवलंत की आमचं ऐकू येत नाही. दोन शब्द बोला, बटण सोडा.” आज ते गच्चीवरून टेहळत होते, खाली सुभेदारांची तुकडी चौकाकडे सरकत होती. डावीकडे मशीनगन दिसताच त्यांनी बटण दाबलं. “बांधवांनो, मशीनगन आहे! घाबरू नका, मी अखेरच्या श्वासापर्यंत तुमच्या पाठीशी आहे!” टाळ्यांसाठी थांबायच्या सवयीने ते थांबले, तेव्हा कुठे बटण सुटलं. “...डावीकडे की उजवीकडे, नेते?” मशीनगन धडधडली. “डावीकडे!” ओरडून त्यांनी झटकन बटण सोडलं. पलीकडून नुसती खरखर आली. तीच ते निमूट ऐकत राहिले.